गुजरीतल्या कट्ट्यावरची मदिनाभाबी

मदिनाभाबीविषयी लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. तिचं माहेर कुठलं, तिला मुलं किती, ती नेमकी कुठल्या गल्लीत राहायची, यातलं काही ती असेपर्यंत मला माहीत नव्हतं. सकाळी ती बाबूजमाल दर्ग्याच्या बाजूनं यायची आणि दिवेलागणीला त्याच बाजूला जायची, एवढंच मी बघितलेलं. कोल्हापुरात गुजरी म्हणजे सराफांची गल्ली, तिथं माझं दुकान तिच्या समोर. मधला रस्ता म्हणजे एक हातगाडी आली की भरला. इतक्या जवळून इतकी वर्षं बघूनही माणूस कळत नाही, आणि मी काही विचारणाऱ्यांपैकी नव्हे. गिऱ्हाईक दुकानात शिरलं तरी माझी नजर आधी खाली जाते. लिहिण्याची तर सवयच नाही. त्यामुळे हे वाचताना कुठं चुकलेलं दिसलं तर ते चुकलेलंच आहे असं समजावं.

तरी लिहितोय, कारण मला राग आलाय आणि तो जात नाही.

गेल्या महिन्यात माझी नात रक्षिता पुण्याहून आली. तिच्या मैत्रिणी बरोबर होत्या. अंबाबाईचं दर्शन झालं, मग गुजरीत खरेदी. आमच्या समोरच्या मोठ्या शोरूममध्ये त्या दोन तास होत्या. बाहेर आल्यावर तिनं मला मोबाइलवर फोटो दाखवला. "आज्जा, बघा की, किती गोड आहे." शोरूमच्या पहिल्या मजल्यावर एक लाकडी कट्टा केलाय. त्यावर एका बाईचा पुतळा बसवलाय. हिरवं नऊवारी, नाकात नथ, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, हातात दोरा आणि मणी. मागं पाटी, 'आमची परंपरा'. माझी नात त्या पुतळ्याच्या खांद्यावर हात टाकून हसत होती.

तो पुतळा मदिनाभाबीचा आहे हे मला लगेच कळलं. चेहरा तिचा नाही. तिनं जन्मात नऊवारी नेसलं नाही की कुंकू लावलं नाही. पण काम करताना मान डावीकडं कलती ठेवायची, ती रीत तिचीच. कुणीतरी तिला नीट बघून ती मान घडवलीय. आणि पाय तेवढे लुगड्यात झाकून टाकलेत. पटवेगाराचे पाय झाकले तर राहिलं काय?

हे आजच्या मुलांना कळायचं नाही, म्हणून सांगतो. सराफ सोनं विकतो, सोनार घडवतो. पण साजाची पानं, ठुशीचे मणी, मंगळसूत्राच्या वाट्या हे सगळं सुटं असतं तोवर त्याला दागिना म्हणता येत नाही. ते रेशमी दोऱ्यात ओवायचं, गाठी मारायच्या, मागं गोंडा लावायचा आणि गळ्यात घालण्याजोगं करायचं, हे काम पटवेगाराचं. तो दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवतो, दोरा ताणून धरतो आणि दोन्ही हातांनी गाठी मारत जातो. आणि हे तो कधीही आत बसून करत नाही. पेढीच्या बाहेर, कट्ट्यावर, उजेडात, रस्त्याकडं तोंड करून बसतो. जिचा दागिना ती बाई समोर बसते आणि काम पुरं होईपर्यंत बघत राहते. लोकांचं सोनं हातात घ्यायचं तर लोकांच्या डोळ्यांसमोर घ्यायचं, ही त्या धंद्याची रीत.

मदिनाभाबीचा नवरा लालासाब पटवेगार बसाप्पा सराफांच्या पेढीच्या कट्ट्यावर बसायचा. त्याच्या आधी त्याचा बाप बसायचा. बसाप्पा म्हणायचे, "कट्टा माझा, पर कट्ट्यावरची जागा लालासाबची." याला कागद नव्हता. गुजरीत तेव्हा असल्या गोष्टींना कागद लागत नसे.

नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास लालासाबची नजर गेली. थोडे दिवस जागा रिकामी राहिली. मग एका सकाळी त्याची लाकडी पेटी काखेत धरून ही बाई आली, कट्ट्यावर बस्कर पसरलं आणि बसली. अंगठ्याला दोरा लावला आणि गिऱ्हाइकाची वाट बघायला लागली. गुजरीत बाई दागिने घ्यायला यायची, कट्ट्यावर बसून काम करायला नव्हे. गल्लीतले सराफ आपापल्या दारात येऊन बघत होते. एकजण मोठ्यांदा म्हणाला, "बसाप्पा, आता कट्ट्यावर बायका व्हय?"

बसाप्पा बाहेर आले. ते मोजकं बोलायचे. त्यांनी सदऱ्यात हात घालून गळ्यातल्या लिंगाची दोरी दाखवली आणि म्हणाले, "मदिना, हे शिवदार जुनं झालंय. नवं करून दे." आम्ही लिंगायत. इष्टलिंगाची दोरी म्हणजे काय, हे गल्लीला सांगावं लागत नाही. मदिनाभाबीनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, पांढरा दोरा काढला आणि कामाला लागली. त्या दिवसानंतर कुणी काही बोललं नाही. म्हणजे तिच्या तोंडावर बोललं नाही.

आणि तिच्या तोंडावर बोलणं सोपंही नव्हतं. आजऱ्याच्या एका काजूवाल्या व्यापाऱ्याची बायको अंगभर सोनं घालून आली, तर ही म्हणाली, "वैनी, येवढं घालून मान वर कशी करता? का खालीच बगत हिंडता?" ती बाई रागावली नाही, हसत सुटली आणि पुढं दरवर्षी येत राहिली. मला तर ती रोज एकदा तरी टोचायचीच. "अण्णा, गिऱ्हाईक आलंय. बोला की. ते काय चावत न्हाय." माझं दागिन्यांच्या डब्यांचं दुकान. मखमली डब्या, सोनं गुंडाळायचा गुलाबी कागद, कापूस. गल्लीतले सराफच माझं गिऱ्हाईक. त्यांच्याशीही मला बोलायला जमत नसे, आणि हे तिनं पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतं.

तिच्या पेटीत एक काळ्या मण्यांची पोत असायची. साधी, काचेच्या मण्यांची. मंगळसूत्र नव्यानं ओवायचं म्हणजे ते गळ्यातून काढावं लागतं, आणि बायका तेवढा वेळही गळा मोकळा ठेवत नाहीत. म्हणून समोर बाई बसली की मदिनाभाबी आधी ती पोत तिच्या हातात द्यायची. बाईनं पोत गळ्यात घातली की मगच मंगळसूत्राला हात. काम झालं की मंगळसूत्र कपाळाला लावून द्यायची, पोत परत घ्यायची, पदरानं पुसून पेटीत ठेवायची. ही पोत लालासाबच्या आईच्या हातची होती म्हणे. शिरोळच्या, गडहिंग्लजच्या, निपाणीच्या, कुठकुठच्या बायकांच्या गळ्यात ती पाव-पाव तास राहून आलेली. तिनं कुणाची जात विचारली नाही, आणि त्यांनीही तिची विचारली नाही.

बसाप्पा गेले आणि पेढी त्यांच्या नातवाकडं, सोमेशकडं आली. हा मुंबईत शिकून आलेला. वाईट मुलगा नव्हता, हे मला सांगायलाच पाहिजे, कारण राग नेमका त्याचाच येतो. वाईट असता तर बरं झालं असतं. त्यानं जुनी पेढी पाडायची ठरवली. लोक आता पर्यटनाला येतात, त्यांना बसायला सोफा लागतो, थंडगार हवा लागते, असं तो सगळ्यांना समजावून सांगायचा. गादी-तक्क्याचे दिवस गेले म्हणायचा. तेही खोटं नव्हतं.

पाडायच्या आदल्या दिवशी तो कट्ट्याजवळ आला. मी माझ्या दारात होतो.

"चाची, थोडे महिने त्रास होईल. नवीन झाल्यावर तुमची जागा पक्की."

"कट्टा ऱ्हाणार न्हवं?"

"तुमची सोय आधी. आजोबांचा शब्द आहे."

तिनं मान हलवली. तिनं विचारलं होतं कट्ट्याचं, आणि त्यानं उत्तर दिलं सोयीचं. तेव्हा ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

बांधकाम चाललं तेवढे दिवस ती माझ्या पायरीवर बसली. मी बोलावलं नव्हतं. माझ्या मनात होतं, पण शब्द जुळवत होतो, तोवर ती बस्कर घेऊन आलीसुद्धा. पायरी बघून म्हणाली, "अण्णा, ही पायरी हाय का बिस्कीट? एक मांडी बसंल, दुसरी रस्त्यात." तरी बसली. धूळ यायची, सिमेंटची पोती यायची, ती दोरा ताणून काम करत राहायची. मधेच समोर बघायची. कट्टा कुठं निघतोय ते बघत असावी.

ताडपत्री काढली त्या दिवशी सगळी गल्ली जमली. जमिनीपासून छतापर्यंत काच. दारासमोर काळ्या ग्रॅनाइटच्या पायऱ्या, आरशासारख्या. दारात वर्दीतला रखवालदार. वर इंग्रजी नाव, जे मला आजही नीट म्हणता येत नाही. बसाप्पांचं नाव कुठंच नव्हतं. कट्टाही नव्हता.

मदिनाभाबी रस्त्यात उभी राहून बघत होती. सोमेश तिला बघून धावत आला. तो खरंच खूश होता.

"चाची, या, तुमची खोली दाखवतो. मागच्या बाजूला केलीय. पंखा, ट्यूबलाइट, बसायला गादी. महिन्याला पगार. आता ऊन नाही, धूळ नाही."

"खोली?"

"हो. दागिने आतच येतील तुमच्याकडं. गिऱ्हाइकाला चिठ्ठी द्यायची, त्यांनी सोफ्यावर बसायचं. तुम्हाला कुणाशी डोकं लावायला नको."

 ती म्हणाली, "सोमू, तू मला भिंतीआड बसीवतोस?"

"अहो, एसीत बसवतोय."

"लोकांचं सोनं घिऊन दार लावून बसू? माज्या सासऱ्यानं, माज्या नवऱ्यानं भिंतीआड कधी गाठ मारली न्हाय. भिंतीआड गाठ मारतोय त्येला काय म्हंत्यात ठावं हाय का तुला?"

"तिथं कॅमेरे आहेत, चाची. तुमच्यावर कुणी संशय घेणार नाही."

झालं. त्याला वाटलं त्यानं तिची शंका मिटवली.

"म्हंजे संशय हाय म्हणून कॅमेरा बसीवलास," ती म्हणाली. "आन् गिऱ्हाइकाचे डोळे काढून घितलेस. तुजा आज्जा आसता तर तुज्या कानाखाली वाजवली आसती."

सोमेशचा चेहरा उतरला. त्याला काय चुकलं ते कळलंच नाही. अजूनही कळलेलं नसेल. त्यानं बाईला ऊन-पावसातून उचलून पंख्याखाली नेऊन ठेवायचं ठरवलं होतं आणि बाई अंगावर आली होती. एवढं शिकून त्यानं एकदाही विचारलं नाही, की चाची, तुम्ही बाहेर का बसता?

दसऱ्याला उद्घाटन होतं. बँड, हार, पाहुणे, दारात झेंडूची कमान. सकाळी मी दुकान उघडत होतो, तर ही पेटी काखेत धरून आली. माझ्याकडं बघितलंही नाही. सरळ गेली आणि त्या ग्रॅनाइटच्या सगळ्यांत खालच्या पायरीवर, एका कडेला, बस्कर पसरून बसली. बरोबर जिथं कट्टा होता तिथं. अंगठ्याला दोरा लावला.

रखवालदार आला. "ओ बाई, उठा हितनं."

"कुठला रं तू?"

"आजऱ्याचा."

"आजऱ्याचा पावणा व्हय. मग बस, च्या पी. मी हितं तुज्या आदीपास्नं हाय."

त्याला हसू आलं, तो मागं सरला. मग टाय लावलेला मॅनेजर आला. बाहेरगावचा असावा. तो हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अहो, लोकांची मंगळसूत्रं तुम्ही पायाला बांधता? सणाच्या दिवशी? लक्ष्मी आहे ती."

हे तिला आजवर कुणी बोललं नव्हतं. इतक्या वर्षांत, इतक्या बायकांत एकीनंही नाही.  ती मात्र आवाज न चढवता म्हणाली, "लक्ष्मी गळ्यात टिकायची तर दोरा ताणून धराय लागतोय साहेब. माजे दोनी हात कामात हाईत. तिसरा तुमचा देता? द्या, धरा हे टोक. सांजपतोर सोडायचं न्हाय."

मॅनेजर आत गेला.

तेवढ्यात रुद्राणीबाई आल्या. शिरोळकडच्या, कृष्णाकाठच्या बागायतदार घरातल्या. दरवर्षी दसऱ्याला मंगळसूत्र नव्यानं ओवून घ्यायला यायच्या, पेढी बसाप्पांची असल्यापासून. नवीन काच बघून त्या बिचकल्या, आणि गर्दीत त्यांना खाली बसलेली मदिनाभाबी दिसली नाही. रखवालदारानं दार उघडलं, त्या आत गेल्या. माझ्या दुकानातून काचेतून सगळं दिसत होतं. त्यांना सोफ्यावर बसवलं, हातात थंड पेयाचा ग्लास दिला. एक पोरगा मखमली ताट घेऊन आला. त्यांनी मंगळसूत्र काढून ताटात ठेवलं, त्यानं चिठ्ठी दिली आणि ताट घेऊन मागच्या दारातून दिसेनासा झाला. बाई तशाच बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी पदर गळ्याभोवती घट्ट लपेटला. पेयाला हात लावला नाही. आजूबाजूला बघायला लागल्या. मग उठून बाहेर आल्या आणि पायरीवर मदिनाभाबी दिसली.

"आगं बया, तू हितं हाईस? मी आत बसलेली."

"बसा की. गार हवा हाय."

"पोत दे आदी."

मदिनाभाबीनं पेटीतून पोत काढून दिली. रुद्राणीबाईंनी घाईघाईनं गळ्यात घातली, तेव्हा कुठं पदर सैल केला.

"मंगळसूत्र कुठाय वैनी?"

"आत न्हेलंय पोरानं."

"कुठं आत?"

"मला काय ठावं. चिट्टी दिलीया."

"मग चिट्टी घाला गळ्यात," मदिनाभाबी म्हणाली.

आजूबाजूच्या बायका हसल्या, पण रुद्राणीबाई हसल्या नाहीत. त्या वळल्या आणि दारातूनच सोमेशला हाक मारली. त्यांचा आवाज शेतावरचा, बँडच्या वरून गेला. "ओ सराफ, माजं मंगळसूत्र भाईर आणा. मला ते माज्या म्होरं ओवून पायजे. हिच्याकडनं."

पाहुणे बघत होते. सोमेशनं मंगळसूत्र आणून दिलं. मदिनाभाबीनं ते त्या पायरीवर, सगळ्यांच्या देखत, पायाच्या अंगठ्याला दोरा लावून ओवलं, कपाळाला लावून परत दिलं, पोत परत घेतली. रुद्राणीबाई नमस्कार करून गेल्या. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. लोक सोनं घ्यायला आले होते, ते तिला वळसा घालून आत गेले. मी तेव्हा मूर्खासारखा समजलो, की आता जागा मिळाली.

दिवाळी झाली आणि त्या पायरीच्या कडेला पितळी कुंड्या आल्या. त्यात प्लास्टिकची झाडं. कुणी हलवू नये म्हणून साखळीनं कठड्याला बांधलेली. पटवेगाराच्या दोन पिढ्यांना जी जागा तोंडी शब्दावर होती, ती प्लास्टिकच्या झाडाला साखळी-कुलपासकट मिळाली. मी रोज सकाळी दुकान उघडताना त्या कुंड्या बघतो. रोज तेवढाच राग येतो. म्हातारपणी राग कमी होतो म्हणतात, माझा अनुभव तसा नाही.

ती पुन्हा माझ्या पायरीवर आली. "बिस्कीटच बरं," एवढंच म्हणाली. पुढची वर्षं तिथंच गेली. हळूहळू गुजरीतल्या बाकीच्या पेढ्यांनाही काचा लागल्या. माझ्या शेजारची दोन दुकानं पाडून तिथंही काच झाली. सगळीकडं मागच्या खोल्या आल्या. तिथं बंगालकडची पोरं आणून बसवली. त्यांचा मला राग नाही. गाव सोडून आलेली, दाराआड दिवसभर मान मोडून काम करणारी पोरं ती. पण त्यांना एकाही गिऱ्हाइकाचं तोंड दिसत नाही आणि गिऱ्हाइकाला त्यांचं दिसत नाही. दागिना ताटात जातो, ताटात येतो. मधे काय झालं, कुणाच्या हातातून गेला, कुणी विचारत नाही. बिल मात्र रंगीत कागदावर असतं. बाहेरगावच्या बसगाड्या येतात, हातात पत्रकं असतात, 'कोल्हापुरात काय घ्याल'. त्यात साज आहे, ठुशी आहे, चप्पल आहे. साज ओवणारं माणूस नाही.

मदिनाभाबीकडं काम कमी कमी होत गेलं. पण एक गोष्ट व्हायची, ती मला आजही विसरता येत नाही. काचेच्या आत मंगळसूत्र देऊन, चिठ्ठी घेऊन, एखादी बाई पदर गळ्याशी धरून रस्ता ओलांडून यायची. काम नाही द्यायची. नुसती पोत मागायची. "चाची, दागिना होईस्तवर द्या की." आणि ही द्यायची. कुणाला नाही म्हणाली नाही. ती बाई माझ्या दुकानासमोर घुटमळायची, मंगळसूत्र आलं की पोत परत करून जायची. मदिनाभाबी पोत पदरानं पुसायची आणि माझ्याकडं न बघता म्हणायची, "बघा अण्णा. काम तिकडं, गळा हिकडं."

मग एके दिवशी, दोन हजार पाच-सहा साल असेल, सोमेश स्वतः माझ्या दुकानात आला. मी स्टूल दिलं, तो बसला नाही. तोही थोडा पोक्त झाला होता, केस विरळ झालेले. पायरीवरच्या मदिनाभाबीजवळ तो वाकून उभा राहिला.

"चाची, तुमचा राग माहितेय मला. पण आता खरंच कट्टा करतोय. पहिल्या मजल्यावर. लाकडी, जुन्यासारखा अगदी. तुम्ही तिथं बसायचं. लोकांच्या समोर. तुम्हाला हेच पाहिजे होतं ना?"

तिच्या हातातला दोरा थांबला. मी बघत होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर मला आशा दिसली, आणि ती बघून मला भीती वाटली.

"लोक म्होरं बसणार?"

"बसणार, बघणार, फोटो काढणार."

"आन् दागिनं?"

"दागिने नकोत. नुसते मणी. मोत्यासारखे दिसणारे. तुम्ही ओवत बसायचं, संपले की उसवायचे, पुन्हा ओवायचे. लोकांना पद्धत दिसली पाहिजे. कपडे आम्ही देऊ. नऊवारी, नथ. आणि..." तो अडखळला. "पाय तेवढा नको. पाहुण्यांना बरं दिसत नाही."

तिनं अंगठ्याचा दोरा सोडवला. 

"सोमू," ती म्हणाली, "ओवायचं आन् उसवायचं?"

"म्हणजे, दाखवायला."

"गळा कुणाचा न्हाय?"

"नाही."

"मग तुला मी कशाला पायजे? बाहुली आण. बाहुली बसीव. ती पायबी लपवंल, नथबी घालंल, आन् उसवायचं म्हटलं तर तोंडबी उघडायची न्हाय."

सोमेश निघून गेला.   नंतर मात्र त्यानं खरंच बाहुली आणली. इतक्या वर्षांत त्या बाईनं त्याला जेवढं सांगितलं, त्यातलं एवढंच त्यानं ऐकलं.

पुढच्या वर्षी, उन्हाळा संपता संपता, ती यायची थांबली. पहिले काही दिवस मला वाटलं लालासाबचं काही दुखत असेल. विचारावं कुणाला? चहावाला ज्ञानू सगळ्या गल्लीत हिंडतो, त्यानंच शेवटी सांगितलं, की तापाचं निमित्त झालं आणि गेली, आता दहावं-बारावं होऊन गेलं असेल. त्याला त्यांच्यात काय असतं ते माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. मी बाबूजमालच्या बाजूला विचारत विचारत घर शोधलं. आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी माणसांना मी एवढं विचारलं असेल. दोन खोल्यांचं घर. लालासाब दाराशी खुर्चीवर बसला होता. मी नाव सांगितलं. त्यानं हात पुढं केला, माझा हात धरून ठेवला आणि विचारलं, "पायरीवर आता कोण बसतंय?"

"कोण न्हाई," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला. घरातून एक तरुण बाई चहा घेऊन आली. ती त्यांची मुलगी का सून, हेही मी विचारलं नाही. पोत कुठाय, हेही नाही.

ते बस्कर अजून माझ्याकडं आहे. पायरीवर सकाळी पसरतो, संध्याकाळी आत घेतो. मोटारसायकलवाले पायरीला गाडी टेकवतात, मी काढायला लावतो. त्यासाठी मात्र मला आता आवाज चढवता येतो. ते म्हणतात, "काका, इथं तर कुणीच बसत नाही." मी म्हणतो, गाडी काढा.

तिचा शेवटचा दिवस शेवटचा आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. काम जवळजवळ नव्हतंच. सांजेला तिनं पेटी बंद केली, गुडघ्यावर हात टेकून उठली. मी आत डब्या रचत होतो.

"अण्णा, बस्कर हितंच ऱ्हाऊ दे. सकाळी कुणाची गाडी लागू दिऊ नका पायरीला."

"न्हाई लावू देत."

"आन् कुलूप ओढून बगा जाताना. काल नुसतंच लोंबत हुतं."

"बघतो."